गॅरेजविना स्पोर्ट्‌स कार : उघड्यावरची चार महिन्यांची राखण

महागडी स्पोर्ट्‌स कार आणि तिच्यासाठी बंद गॅरेज या दोन गोष्टी एकत्र येतातच असे नाही. मुंबईत कोट्यवधी रुपयांच्या गाड्या सोसायटीच्या आवारात, इमारतीखालच्या खांबांमध्ये किंवा बंगल्यापुढच्या मोकळ्या फरशीवर उभ्या असतात. रोज चालणारी गाडी उघड्यावर राहिली तरी फारसे बिघडत नाही. वारा लागून ती वाळते, बॅटरी चार्ज होत राहते, टायर फिरत राहतात. स्पोर्ट्‌स कार मात्र पावसाळा सुरू झाला की बहुधा जागेवरच थांबते. जमिनीपासून जेमतेम १०० ते १३० मिलिमीटर उंच असलेली ही गाडी खड्ड्यांतून आणि साचलेल्या पाण्यातून नेता येत नाही. त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती एका जागी उभी राहते, आणि तिचे खरे नुकसान याच काळात होते.

गाडी हंगामभर उभी करण्याविषयीचे बहुतेक मार्गदर्शन युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्यासाठी लिहिलेले आहे. तिथे भीती असते ती गोठणाऱ्या पाण्याची, बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाची आणि थंडीने कडक होणाऱ्या टायरांची. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात गाडी उभी राहते ती उष्ण, दमट हवेत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. इथे शीतकात गोठणरोधक किती आहे हा प्रश्न गौण ठरतो, आणि पाणी कुठे अडकते व किती वेळ टिकते हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होतो. गाडीवरून वाहून जाणारा पाऊस तिचे फारसे वाकडे करत नाही. सांध्यात, कव्हरखाली, आसनाखाली मुरलेली ओल तिला खाते. उघड्यावर गाडी राखण्याचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

गाडी कशाची, यावर धोका ठरतो

स्पोर्ट्‌स कारचे सांगाडे आणि पत्रे एकाच धातूचे नसतात. १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या बहुतेक गाड्या साध्या पोलादी पत्र्याच्या होत्या. १९६१ची जग्वार ई-टाइप किंवा १९७०च्या सुमारासची डॅटसन २४०झेड पाहिली, तर दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि तळातल्या पोकळ पट्ट्या या ठिकाणी गंज हमखास सापडतो. पोर्शेने १९७०च्या दशकाच्या मध्यापासून ९११ साठी जस्त चढवलेले पोलाद वापरायला सुरुवात केली. त्यामुळे त्यानंतरच्या ९११ आधीच्या गाड्यांपेक्षा गंजाला पुष्कळ चांगल्या टिकल्या.

फेरारीची ३६० मोडेना १९९९ साली आली. तिचा सांगाडा आणि बाह्यांग दोन्ही ॲल्युमिनियमचे. २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते सचिन तेंडुलकरला मिळालेली लाल गाडी हीच. ॲल्युमिनियमला पोलादासारखा तांबडा गंज चढत नाही. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो. खारी ओल मात्र हा थर ठिकठिकाणी भेदते. मग रंगाखाली पांढरट भुकटी जमते आणि रंगाला फोड येतात. ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू किंवा बोल्ट बसवलेला असेल, तर ओल धरलेल्या सांध्यात दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. कार्बन फायबरला लागून असलेल्या ॲल्युमिनियमचे असेच होते, कारण कार्बन वीजवाहक आहे. कारखान्यात अशा सांध्यांमध्ये गोंद किंवा विद्युतरोधक थर घालतात. तो शाबूत आणि कोरडा असेपर्यंत काळजी नसते.

शेव्हरोले कॉर्व्हेटचे बाह्यांग १९५३ पासून फायबरग्लासचे आहे, लोटसच्याही अनेक गाड्यांचे तसेच. फायबरग्लास गंजत नाही, पण त्याखालचा सांगाडा पोलादी असेल तर तो गंजतो आणि वरून दिसतही नाही. मॅक्लारेन एफ१ने १९९२ मध्ये रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत कार्बन फायबरचा सांगाडा वापरला, आणि २०११ मध्ये आलेल्या लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरचा मध्यभागही कार्बन फायबरचा आहे. हे तंतू बांधून ठेवणारे इपॉक्सी रेझिन अतिनील किरणांनी पिवळे पडते. त्यामुळे ज्या भागांवर तंतूंची वीण उघडी दिसते, त्यांना उन्हापासून जपावे लागते.

यावरून ढोबळ वर्गवारी करता येते. ॲल्युमिनियम, कार्बन किंवा जस्त चढवलेल्या पोलादाची अलीकडची गाडी नीट तयारी केली तर एक पावसाळा उघड्यावर काढू शकते. जुनी पोलादी इटालियन किंवा ब्रिटिश गाडी, लाकडी चौकटीची मॉर्गन आणि कापडी छताची कोणतीही जुनी गाडी या दिवसांत भाड्याच्या का होईना, बंद जागेत हलवणेच योग्य.

दमट हवा, मीठ आणि दव

लोखंड गंजण्यासाठी पाऊस पडावाच लागतो असे नाही. धातूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर पुरेसा असतो. हवा प्रदूषित असेल तर सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेल्यावर गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. हवामानामुळे होणाऱ्या गंजाची प्रतवारी करणाऱ्या आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेचे तास हे धातू ओला असण्याचे तास म्हणून मोजले जातात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत हा आकडा दिवसाचा बराच काळ ओलांडला जातो. म्हणजे पाऊस उघडला तरी धातूच्या दृष्टीने पावसाळा चालूच असतो.

किनाऱ्यावर त्यात मिठाची भर पडते. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी शोषून विरघळते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते जेमतेम ३३ टक्क्यांनाच ओलसर होते. म्हणून खारी वाफ बसलेला पत्रा हवा कोरडी वाटत असतानाही ओलाच राहतो. वरळी, रत्नागिरी किंवा पणजीत समुद्राजवळ उभ्या असलेल्या गाडीला कव्हर घालण्याआधी तळापासून गोड्या पाण्याने धुणे अत्यावश्यक असते, ते यासाठी.

तिसरी गोष्ट दवाची. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर सुमारे २६ अंशांना दव जमते. गाडीचा पत्रा हवेपेक्षा फक्त चार अंशांनी थंड झाला तरी त्यावर पाणी धरते. रात्री आकाश निरभ्र असले की उघडा पत्रा उष्णता आकाशाकडे फेकून हवेपेक्षा सहज थंड होतो. इंजिनाचे अवजड धातूचे भाग सकाळी उशिरा तापतात, म्हणून त्यांच्यावरही पाणी धरते. डोक्यावर नुसते छत असले तरी पत्र्याचे हे थंड होणे पुष्कळ कमी होते. चारी बाजू उघड्या असलेली साधी शेडदेखील इतकी उपयोगी पडते ती त्यामुळेच.

ऊन

पावसाळ्यात उन्हाचा विचार मागे पडतो, पण उघड्यावरची गाडी एप्रिल-मे आणि ऑक्टोबरही तिथेच काढते. नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि बंद गाडीच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक असते.

आजच्या गाडीवरचा रंग म्हणजे एकावर एक दिलेले अनेक थर असतात. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर ४० ते ५० मायक्रॉनचा. अतिनील किरण शोषणारी रसायने याच थरात असतात. पॉलिश करून तो घासून घासून पातळ केला, तर खालचा रंग उघडा पडतो. लाल रंग उन्हात फिका पडतो हे तर सर्वांच्या पाहण्यातले आहे.

आत चामडे आकसते. डॅशबोर्डवर ताणून बसवलेले चामडे काचेजवळच्या कडेपासून सुटू लागते. १९९० आणि २०००च्या दशकांतल्या फेरारींमध्ये बटणांवर दिलेला मऊ रबरी लेप उष्णता आणि दमटपणाने चिकट होतो, हे त्या गाड्यांचे जाणकार ओळखून असतात. पॉलिकार्बोनेटचे हेडलॅम्प पिवळे पडतात, दारांची रबरे कडक होऊन भेगाळतात, आणि भेगाळलेल्या रबरातून पुढच्या पावसात पाणी आत शिरते. उन्हाने केलेल्या नुकसानीतून ओलीला वाट मिळते ती अशी.

जागा

मातीवर किंवा गवतावर गाडी उभी करू नये. माती रात्रंदिवस ओल सोडत असते आणि ती थेट गाडीच्या पोटाला लागते. पेव्हर ब्लॉक, कोबा किंवा फरशी बरी. पाणी वाहून जाईल एवढा किंचित उतार हवा. जमीन पाझरत असेल, तर गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरून त्यावर रबरी मॅट टाकतात. मात्र त्या प्लास्टिकवर पाणी साचणार नाही हे पाहावे लागते, नाहीतर ओल रोखण्याऐवजी गाडीखाली डबकेच तयार होते.

पाणी भरण्याचा इतिहास असलेल्या आवारात स्पोर्ट्‌स कार ठेवणे धोक्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस दरवर्षी पडत नाही. पण ज्या गाडीचा तळ घोट्याएवढ्या पाण्यात बुडतो, तिला भरतीच्या वेळची एक जोरदार सर पुरते. मध्यभागी इंजिन असलेल्या गाड्यांमध्ये हवा घेण्याच्या वाटा बाजूला आणि खाली असतात, वायरिंगची जोडणी तळाजवळून जाते. पाण्यात उभी राहिलेली गाडी कधीही सुरू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात.

झाडाखालची सावली मोहात पाडते, पण गाडीला मानवत नाही. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात, नारळ आणि झावळ्या पडतात, वर्षावृक्षावरच्या किडींचा चिकट स्राव ठिबकतो. पक्ष्यांची विष्ठा ऊन लागताच पारदर्शक थरावर कायमचा डाग पाडते. गळलेली पाने काचेखालच्या जाळीत अडकून पाण्याच्या वाटा बंद करतात.

शेड उभारायची तर परवानगीचा प्रश्न येतो. इमारतीखालची आणि उघडी पार्किंगची जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, ती रहिवाशांच्या सामाईक वापराची आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईतल्या खटल्यात दिला. अशा जागेवर तात्पुरते छत घालायचे तरी आधी सोसायटीची संमती घ्यावी लागते आणि पालिकेचे नियम पाहावे लागतात. स्वतःच्या बंगल्याच्या आवारात हे सोपे जाते. तिथे चार खांबांवर उतरते छत, वाऱ्याच्या बाजूला पावसाची झड अडवणारा पडदा आणि बाकी तिन्ही बाजू मोकळ्या अशी रचना सर्वांत चांगली.

कव्हर : झाकावे, पण कोंडू नये

सर्वाधिक नुकसान करणारी वस्तू म्हणजे प्लास्टिकची ताडपत्री. ती वरचा पाऊस अडवते, पण खालची वाफही अडवते. जमिनीतून आणि गाडीतून निघालेली ओल आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि पुन्हा पत्र्यावर ठिबकते. दिवसा ऊन पडले की त्याच पाण्याची गरम वाफ होते. काही आठवड्यांत रंगावर ढगाळ डाग उमटतात, आणि क्वचित ताडपत्रीचा रंगही गाडीला चिकटतो.

उघड्यावर वापरायचे कव्हर बाहेरून पाणी परतवणारे पण आतली वाफ बाहेर सोडणारे हवे. अनेक थरांचे न विणलेले पॉलिप्रॉपिलीन, सूक्ष्म छिद्रांचा पडदा असलेले कापड किंवा धाग्यातच रंग मुरवलेले ॲक्रिलिक हे त्यातले रूढ प्रकार. आतून मऊ अस्तर असावे. रंग फिकट असावा, म्हणजे ऊन परतते. माप गाडीच्या मॉडेलचेच हवे, आरशांना खिसे आणि मागच्या पंखाला जागा ठेवलेले. ढगळ कव्हर वाऱ्याने फडफडते आणि त्याखालची धूळ पॉलिश कागदासारखी रंग घासते. म्हणून पोटाखालून बांधायचे दोन-तीन पट्टे हवेतच. मळक्या, ओल्या किंवा नुकत्याच चालून तापलेल्या गाडीवर कव्हर घालायचे नाही.

चांगल्यातले चांगले कव्हरही आठवडाभराच्या संततधारेत भिजते. उघडीप मिळाली की ते काढून गाडीला आणि कव्हरला वेगवेगळे वारे लागू द्यावे. सगळ्या काळजीत सर्वांत जास्त गुण याच कामाचा येतो, आणि कंटाळा येऊन सर्वांत आधी तेच सुटते.

दुसरा मार्ग फुगवलेल्या तंबूचा. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या फुग्यात गाडी ठेवतात आणि छोटा पंखा गाळलेली हवा आत ढकलत राहतो. हवा सतत फिरल्यामुळे दव धरत नाही आणि प्लास्टिक गाडीला टेकत नाही. घराबाहेर वापरायचे फुगे वेगळ्या, मजबूत बनावटीचे असतात. त्यांना अखंड वीज लागते, आणि बाहेरची हवाच ८५ टक्के दमट असेल तर पंखा तीच दमट हवा फिरवतो. वादळी वाऱ्यात फुगा धरून ठेवणे कठीण जाते. किनाऱ्यावर तो शेडखालीच वापरणे योग्य.

सिरॅमिक कोटिंगने पाणी आणि मळ चिकटत नाही. पण ते अतिशय पातळ असते, ओरखडा अडवण्याची ताकद त्यात नसते. पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि कव्हरच्या घासण्यापासून रंग वाचवते. ज्या गाडीला वर्षातून कितीतरी वेळा कव्हर घालायचे-काढायचे आहे, तिला ही फिल्म उपयोगी पडते.

उभी करण्याआधीची तयारी

मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या वळवाच्या आधी, गाडी वरून-खालून धुवावी. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वाळले की पांढरे ठिपके सोडते, म्हणून शेवटचे पाणी मऊ असावे. चाकांच्या कमानीतला चिखल काढावा. मग गाडी अर्धा तास चालवून आणावी, म्हणजे सांध्यांतले पाणी उडते आणि ब्रेक वाळतात. त्यानंतर मेणाचा किंवा सीलंटचा हात द्यावा. रबरांना सिलिकॉनयुक्त द्रव लावल्यास ती काचेला चिकटत नाहीत.

काच, बॉनेट आणि दारे यांच्या खालची पाणी निघून जाण्याची छिद्रे साफ करणे फार महत्त्वाचे. पोर्शेच्या पहिल्या पिढीतल्या बॉक्स्टरमध्ये छताच्या मागच्या निचऱ्याच्या नळ्या पाल्याने बुजल्या की पाणी आत येते आणि आसनाखालच्या इमोबिलायझरच्या यंत्रणेत शिरते. मग गाडी सुरूच होत नाही. कापडी छत ओले असताना कधीही दुमडून ठेवू नये, त्याला बुरशी लागते. पावसाळाभर ते लावलेलेच असावे.

इंजिन ऑइल गाडी उभी करण्यापूर्वी बदलतात. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेले आम्ल आणि पाणी असते, आणि ते महिनोन् महिने बेअरिंगवर बसून राहते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. नव्या डॉट-४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे किमान २३० अंश असतो, ओल शोषलेल्याचा किमान १५५ पर्यंत उतरतो. दोन वर्षांतून एकदा ते बदलणे दमट प्रदेशात टाळू नये.

पेट्रोलची टाकी साधारण ९० टक्के भरून ठेवतात. टाकीत हवा कमी असली की तिच्यातल्या वाफेचे पाणीही कमी होते, आणि थोडी जागा उष्णतेने प्रसरणाऱ्या पेट्रोलसाठी राहते. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पाणी ओढून घेते. जुन्या गाड्यांतली रबरी नळकांडी आणि कार्बुरेटरचे मिश्रधातू त्यासाठी बनवलेले नसतात. अशा गाड्यांत पेट्रोल टिकवणारे रसायन घालून इंजिन दहा मिनिटे चालवतात, म्हणजे ते सगळ्या नळ्यांत पोचते. कार्बुरेटर असेल तर तो रिकामा करून ठेवणे उत्तम.

टायरमध्ये नेहमीपेक्षा ४ ते ५ पीएसआय हवा जास्त भरावी, पण टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. वेगवान गाड्यांच्या टायरमध्ये नायलॉनचा पट्टा असतो. एका जागी उभे राहिल्यावर जमिनीला टेकलेला भाग चपटा होऊन बसण्याची खोड या टायरांना जास्त असते. थोड्या दिवसांचा चपटेपणा गाडी चालवून टायर तापल्यावर जातो, महिन्यांचा कायमचा राहतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी गाडी हातभर पुढे-मागे सरकवावी.

हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओतीव लोखंडाच्या ब्रेक डिस्कवर एका रात्रीत तांबूस थर येतो आणि पॅड त्याला चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. इलेक्ट्रिक हँडब्रेक इंजिन बंद करताच आपोआप लागतो. तो सोडवून ठेवण्याची रीत गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. कार्बन-सिरॅमिक डिस्क गंजत नाहीत, पण त्यांचे कॅलिपर आणि पॅडचे पोलादी पत्रे गंजतात.

आत पायपुसणी काढून घरात ठेवावीत, चामडे पुसून कोरडे करावे. सिलिका जेलच्या पिशव्या आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी शोषतात. आठवड्या-पंधरवड्याने त्या बदलून वाळवल्या तरच उपयोग. कॅल्शियम क्लोराइडचे डबे जास्त पाणी ओढतात, पण सांडलेले खारे पाणी चामडे आणि धातू दोन्ही खाते, म्हणून ते टाळावेत.

उंदीर आणि घुशी पावसाळ्यात कोरड्या, उबदार जागेच्या शोधात असतात. कव्हरखालचे इंजिन त्यांना आयते घर वाटते. ते वायरींवरचे आवरण कुरतडतात आणि हवेच्या फिल्टरमध्ये घरटे करतात. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या वाटांवर बारीक पोलादी जाळी बसवावी, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी ती काढण्याची आठवण म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधावी. आत खाद्यपदार्थांचा कणही ठेवू नये. विषारी गोळ्या खाऊन उंदीर डॅशबोर्डमागे मेला तर दुर्गंधी महिनोन् महिने जात नाही, म्हणून पिंजरे बरे.

बॅटरी

बंद गाडीही थोडी वीज खात असते. अलार्म, घड्याळ आणि संगणकीय यंत्रणा मिळून ५० मिलीअँपिअर घेत असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. ७० अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात निम्मी होते. त्याखेरीज शिशाची बॅटरी आपोआपही उतरते, आणि उष्ण हवेत अधिक वेगाने. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. १२ व्होल्टच्या खाली ती बराच काळ राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर अनेक कंपन्या गाडीबरोबरच देतात. उघड्यावर त्याला वीज न्यायची तर पावसात टिकणारी जोडणी, गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी आणि जमिनीवर न लोळणारी वायर हवी. वीज नेता येत नसेल, तर चार्ज कंट्रोलर लावलेले २० वॉटच्या आसपासचे सौर पॅनेल कव्हरबाहेर, आकाशाकडे तोंड करून ठेवतात. ढगाळ दिवसांतही ते गाडीची रोजची गळती बहुतांशी भरून काढू शकते. गाडीत लिथियम बॅटरी असेल तर चार्जर तिच्यासाठीचाच लागतो.

बॅटरी तोडून ठेवणे हा शेवटचा उपाय. तसे केले की अलार्म आणि ट्रॅकर बंद पडतात. चौकट नसलेल्या काचा दार उघडताना किंचित खाली उतरतात. वीज नसली की त्या उतरत नाहीत आणि रबराला घासतात. काही गाड्यांत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते. म्हणून हाताने उघडण्याची आपत्कालीन दोरी कुठे आहे हे आधीच पाहून ठेवावे.

मधल्या महिन्यांत

दर काही दिवसांनी पाच मिनिटे इंजिन चालवण्याची सवय गाडीचे भले करत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पुरेसे तापले तर ते वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत ते सायलेन्सरमध्ये आणि तेलात साचते, आणि बॅटरीतून सुरू करताना गेलेली वीजही भरून येत नाही. उघडीप मिळाली आणि रस्ता कोरडा असेल, तर गाडी अर्धा तास चालवून आणावी. तेवढ्यात तेल तापते, ब्रेक साफ होतात, एसीमुळे आतली हवा कोरडी होते. हे जमत नसेल तर इंजिनाला हातच लावू नये.

आठवड्याला एकदा कव्हर उचलून पाहणे पुरेसे असते. आत कुबट वास आहे का, गालिचा हाताला ओला लागतो का, लेंड्या दिसतात का, टायर बसला आहे का, खाली तेल ठिबकले आहे का, एवढे पाहिले की दोष लहान असतानाच सापडतो.

गाडी जागेवर उभी असली तरी विमा चालू ठेवावा. चोरी, झाड पडणे, आग आणि पूर यांचे नुकसान सर्वसमावेशक विम्यात येते. इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान मात्र अनेकदा जादा हप्ता भरून घेतलेल्या इंजिन संरक्षणाखालीच मिळते. गाडीचे आणि तिच्या जागेचे छायाचित्र तारखेसह ठेवलेले असले की दावा करताना सोपे जाते. ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावरून काढल्याची नोंद सरकारकडे केली की कर आणि विमा थांबवता येतो. पण मग ती सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही, खासगी जागेतच ठेवावी लागते.

पुन्हा रस्त्यावर

पाऊस परतला आणि नवरात्राच्या सुमारास आर्द्रता उतरू लागली की गाडी बाहेर काढतात. दसऱ्याच्या पूजेसाठी ती धुऊन उभी करायचीच असते, तेव्हा त्याआधीचे दोन दिवस तपासणीला द्यावेत.

आधी जाळ्या आणि चिठ्ठ्या काढाव्यात. बॉनेट व इंजिनाचे झाकण उघडून घरटी, कुरतडलेल्या वायरी आणि तुटक्या नळ्या शोधाव्यात. तेल, शीतक आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. बॅटरीचा दाब मोजावा, टायरची हवा नेहमीच्या प्रमाणावर आणावी. टायरच्या कडेवरच्या क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला हे छापलेले असते. नक्षी शाबूत दिसली तरी जुनाट, भेगाळलेल्या टायरवर वेगात जाऊ नये. टायमिंग बेल्टचेही आयुष्य वर्षांत मोजतात. फेरारी ३६० सारख्या गाडीत फारसे किलोमीटर झाले नसले तरी मुदत संपताच तो बदलावा लागतो.

इंजिन सुरू झाल्यावर तेलाचा दिवा विझेपर्यंत रेस देऊ नये. पहिले काही किलोमीटर हळू जात ब्रेक हलकेच दाबावेत, म्हणजे डिस्कवरचा गंज घासला जातो. थरथर राहिली किंवा ब्रेक एका बाजूला ओढत असला, तर डिस्कवर खड्डे पडले आहेत किंवा कॅलिपर अडकला आहे असे समजावे. तेल पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवून परत आणल्यावर खाली नवे ठिबके पडले का ते पाहावे. उभे राहून सुकलेले सील बहुधा पहिल्याच फेरीत गळतात. शेवटी गाडी लिफ्टवर चढवून तळ, पोकळ पट्ट्या आणि बोल्टांची डोकी बघावीत. तिथे गंजाची सुरुवात दिसली, तर ती साफ करून मेणयुक्त लेप देण्याचे काम याच कोरड्या दिवसांत उरकावे, आणि पाणी कुठून आले ती वाट पुढच्या मेच्या आत बंद करावी.